सामाजी हसाजी दिवेकर ह्यांचे चरित्र

यवत व आसपासच्या वाड्यांतील ज्या वयस्कर मंडळींनी तेल्याचा लाकडी घाणा आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांना ह्या चरित्राचा आरंभ लवकर समजेल. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल दिवसभर एकाच वर्तुळात फिरतो, लाट कुरकुरते, पेंड एका अंगास पडते आणि तेल हळूहळू भांड्यात उतरते. त्या काळी तेल्याने घाणा बंद ठेवला म्हणजे गावच्या दिव्याला व फोडणीला खोळंबा होत असे. कोकणात, पूर्वी ज्यास कुलाबा जिल्हा म्हणत व हल्ली रायगड म्हणतात त्या मुलखात, तेल्यांच्या दोन जाती होत्या. एक जात सोमवारी बैल सोडीत असे, त्यांस सोमवार तेली म्हणत. दुसरी शनिवारी सोडीत असे, त्यांस शनवार तेली म्हणत. सोमवार हा शंकराचा वार, तेव्हा त्याचे कारण कोणासही कळे. शनिवारचे कारण मात्र गावात कोणास ठाऊक नव्हते, आणि शनवार तेल्यांनाही, आमचे वाडवडील पाळीत आले म्हणून आम्ही पाळतो, ह्यापलीकडे फारसे सांगता आले नसते.

हे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, अर्थात इस्राएलाची लेकरे. ह्या लोकांपैकी एका लष्करी गृहस्थाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. अब्राहाम, मोशे व दावीद ह्यांची चरित्रे आपल्या शब्बाथशाळांतील लहान मुलांना तोंडपाठ असतात. परंतु त्याच वंशाचे म्हणविणारे लोक आपल्याच मराठी भाषेत बोलत, घाटाच्या पलीकडे शेकडो वर्षे नांदत होते, हे आपल्यातील पुष्कळांना माहीत नसते. पुण्यास गेलेले आपले बंधू कँपातील उंच मनोऱ्याचे लाल देऊळ पाहून ते आपलेच एखादे मंदिर असावे असे समजतात. तसे नाही. ते यहूदी लोकांचे सभास्थान आहे. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून ह्यांनी ते बांधविले व १८६७ साली ते पुरे झाले. कोकणातून वर आलेल्या बेने इस्राएलांचे स्वतःचे सभास्थान रास्ता पेठेत आहे, ते १९२१ सालचे.

ह्या लोकांची मूळ कथा त्यांच्यात बापाकडून मुलाकडे आली आहे, ती अशी. फार प्राचीन काळी, कोणी म्हणतात दोन हजार वर्षांपूर्वी, त्यांचे पूर्वज एका गलबतात बसून ह्या किनाऱ्याकडे येत असता अलिबागच्या उत्तरेस नवगावाजवळ ते गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे काठास लागली. बुडालेल्यांची प्रेते वाहत आली, ती नवगावी दोन ठिकाणी पुरण्यात आली, आणि ती जागा ते लोक आजही दाखवितात. गलबताबरोबर त्यांची शास्त्राची पुस्तकेही समुद्रात गेली. ही कथा अक्षरशः कितपत खरी, ह्याचा निवाडा करण्याचे आमच्याजवळ साधन नाही. परंतु ह्या लोकांच्या रक्ताची परीक्षा करून विद्वानांनी २०१६ साली असे प्रसिद्ध केले की, त्यांच्या ठायी पश्चिमेकडील यहूदी वंश व येथील वंश हे दोन्ही मिसळलेले आहेत. म्हणजे आजीच्या तोंडची गोष्ट अगदीच पोकळ नव्हती.

त्या चौदा जणांच्या वंशाने गावोगाव पांगून तेल गाळण्याचा धंदा धरिला. ते कोकणची मराठी बोलू लागले, येथल्या लोकांसारखी लुगडी व पागोटी घालू लागले, आणि ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव आडनाव म्हणून लावू लागले. किहीमचे ते केहीमकर, राजपुरीचे राजपुरकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर. शास्त्रातील नावांनीही मराठी वेष घेतला. शमुवेलाचा सामाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी, इसहाकाचा इसाजी, मोशेचा मुसाजी. वाचकहो, आपल्या मंडळ्यांत उलट घडते. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी येसूचा योसेफ व मारुतीचा मार्क होतो, आणि काही उपदेशक नाव बदलले म्हणजे अर्धे काम झाले असे समजतात. बेने इस्राएलांची नावे इतकी बदलली की ओळखू येईनात. परंतु त्यांच्या घरातील चूल बदलली नाही.

त्यांच्याजवळ पुस्तक नव्हते, सभास्थान नव्हते, याजक नव्हता, आणि इब्री भाषाही उरली नव्हती. मग काय राहिले होते? आठव्या दिवशी मुलाची सुंता होत असे. शनिवारी काम बंद असे. ज्या माशाला पंख व खवले नाहीत तो मासा त्यांच्या हंडीत जात नसे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील जे वचन परमेश्वर एक आहे असे इस्राएलास ऐकविते, तेवढ्या एका वचनाचे इब्री शब्द त्यांच्या तोंडी राहिले होते. मूल जन्मले तरी ते म्हणत, लग्न लागले तरी ते म्हणत, माणूस मेला तरी तेच म्हणत. अर्थ पुसट झाला होता, पण शब्द सुटले नव्हते.

सणांची तर मोठी नवलाची हकिकत आहे. इब्री नावे विसरली होती, म्हणून त्यांनी आपल्या घरच्या मराठीत नावे ठेविली. प्रायश्चित्ताच्या महान दिवसाला ते दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी उपास धरून व शुभ्र वस्त्रे नेसून माणसे घराची दारे लावून आत बसत व परक्याचा स्पर्श होऊ देत नसत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. यरुशलेमातील मंदिराचा नाश झाला त्या दुःखाच्या दिवसाला बिरड्याचा सण, कारण उपासानंतर वालाचे बिरडे खात. वल्हांडणाला अनशी ढाकण्याचा सण म्हणत. खमिराविषयी मोशेने दिलेली आज्ञा कोणास पाठ नव्हती. पण घरात जे आंबट आंबवण भांड्यात साठविलेले असे, ते भांडे वर्षातून त्या आठ दिवसांत झाकून ठेवावयाचे, एवढे सुनेला सासू सांगे, आणि ती आपल्या सुनेला सांगे. खमीर घराबाहेर काढण्याची निर्गमातील आज्ञा एका झाकलेल्या भांड्यात येऊन राहिली होती.

ह्या सगळ्यात शेजाऱ्यांच्या चालीही मिसळल्या होत्या, हे लपविण्याचे कारण नाही. नवस फेडताना ते पोहे, खोबरे, गूळ व फळे ह्यांचा मलिदा करीत आणि एलीया संदेष्ट्याचे नाव घेत. अलिबागजवळ खंडाळे येथे एलीयाचा अग्निरथ खडकाला लागल्याची खूण आहे, असे ते मानतात.

अशा स्थितीत त्यांच्याकडे दावीद राहाबी नावाचा एक यहूदी आला. तो केव्हा आला ह्याविषयी मतभेद आहेत. कित्येक म्हणतात तो फार पूर्वीचा, कित्येक म्हणतात तो अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्यातला. त्याची जी गोष्ट सांगतात ती मात्र प्रत्येक उपदेशकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. हे लोक यहूदी आहेत की काय अशी त्याला शंका आली, तेव्हा त्याने त्यांना प्रश्नोत्तरे विचारली नाहीत. त्याने बायकांच्या हाती निरनिराळ्या जातींचे मासे दिले आणि रांधावयास सांगितले. त्यांनी पंख व खवले नसलेले मासे आपण होऊन बाजूस काढिले. तेवढ्यावरून त्याने त्यांस आपले भाऊ म्हणून ओळखले व मग शिकवावयास आरंभ केला. झिराडकर, राजपुरकर व शापुरकर ह्या तीन घराण्यांतील पुरुषांना त्याने इब्री वाचावयास शिकविले; पुढे त्यांस काजी म्हणत, आणि लग्ने लावणे व तंटे मिटविणे हे त्यांच्याकडे आले. आमच्या मनात नेहमी येते की, आपण नव्या वाडीत उपदेशास जातो तेव्हा पहिल्याच दिवशी काय काय टाकले पाहिजे ह्याची यादी वाचतो. घरात काय आहे हे पाहण्याइतका वेळ राहाबीने घेतला.

आता मूळ पुरुषाकडे वळू. दिवेकर घराणे दिवे गावचे. अठराव्या शतकाच्या मध्याला, १७४६ च्या सुमारास, कोकणातून मुंबईस जाऊन राहिलेल्या पहिल्या बेने इस्राएल कुटुंबांत हे घराणे होते असे सांगतात. मुंबई तेव्हा इंग्रज कंपनीची होती व वाढत होती. तेथे घाणा फिरविण्यापेक्षा दुसरे मार्ग मोकळे होते. गोदीत, इमारतीच्या कामात व पलटणीत माणसे हवी होती. बेने इस्राएल शरीराने काटक व शब्दाला पक्के, म्हणून मुंबईच्या सैन्यात त्यांना लवकर जागा मिळाल्या आणि पुष्कळजण देशी अंमलदारांच्या हुद्द्यापर्यंत चढले. हसाजीचा मुलगा सामाजी हा अशांपैकी एक. शास्त्रातील त्याचे पुरे नाव शमुवेल बिन यहेज्केल. परंतु पलटणीत व घरी तो सामाजी हसाजी. त्याचा भाऊ इसाजी हाही सैन्यात होता. सामाजी चढत चढत देशी कमांडंटच्या जागेवर पोहोचला. काळ्या माणसाला त्या वेळी ह्याहून वर जाण्यास फारशी वाट नव्हती.

१७८० साली कंपनी सरकार व म्हैसूरचा हैदर अली ह्यांच्यात युद्ध पेटले, ते इतिहासात म्हैसूरचे दुसरे युद्ध म्हणून प्रसिद्ध आहे. १७८२ च्या अखेरीस हैदर मरण पावला व त्याचा मुलगा टिपू गादीवर आला. मुंबईचे सैन्य पश्चिम किनाऱ्याने बेदनूरकडे गेले, परंतु १७८३ च्या उन्हाळ्यात त्याला टिपूपुढे शस्त्रे ठेवावी लागली, आणि पुष्कळ गोरे व काळे लोक कैदेत पडले. ह्या युद्धात सामाजी व त्याच्याबरोबर काही बेने इस्राएल शिपाई टिपूच्या हाती सापडले. कैद्यांपैकी कित्येकांचे हाल झाले व कित्येक तेथेच मेले.

पुढील प्रसंग त्यांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. कैद्यांना पुढे आणून त्यांची जात व धर्म विचारण्यात आला. सामाजीची पाळी आली. वाचकांनी क्षणभर त्याच्या जागी उभे राहून पाहावे. त्याचे नाव मराठी, बोली मराठी, पोशाख व चेहरा कोकणच्या कोणत्याही माणसासारखा. तेली म्हणून सांगितले असते तर ते खोटे ठरले नसते. दुसरी एखादी जात सांगितली असती तर ती खोटी आहे हे तेथे कोणाला ओळखता आले नसते. आणि खरे सांगून लाभ होईल असे मानण्यास काहीही आधार नव्हता. बेने इस्राएल हे नाव मुंबईबाहेर कोणी ऐकलेले नव्हते. तरी त्याने तेच सांगितले.

म्हणतात की, टिपूची आई हे ऐकत होती. कुराणात बनी इस्राईल ह्या लोकांचे नाव वारंवार येते, ते तिला ठाऊक होते, पण त्यांतला जिवंत माणूस तिने कधी पाहिला नव्हता. ज्यांचे नाव शास्त्रात आहे अशांना मारू नये, अशी तिने मुलाकडे रदबदली केली व त्यांचे प्राण वाचले. दुसरी एक हकिकत अशी आहे की, कोचीनच्या एका वजनदार यहूद्याने मध्ये पडून त्यांची सुटका करविली. दोन्ही गोष्टींत थोडे थोडे सत्य असू शकेल. आम्हास त्यांतील एक गोष्ट विलक्षण वाटते. ज्या नावाने त्या माणसाचा जीव वाचला त्या नावाचा पुरता अर्थ त्यालाही माहीत नव्हता. इस्राएल कोण, त्याने परमेश्वराशी कोणता करार केला, तो करार कोणत्या पुस्तकात लिहिला आहे, ते पुस्तक त्याने उघडून वाचले नव्हते. कोकणात ते नव्हतेच. बापाने सांगितलेले नाव त्याने सांभाळले होते, एवढेच.

कैदेत असता सामाजीने नवस केला की, आपण सुखरूप परत गेलो तर मुंबईस परमेश्वराच्या भजनाकरिता घर बांधू. युद्ध १७८४ साली मंगळूरच्या तहाने संपले. सभास्थान उभे राहिले ते १७९६ साली. मध्ये बारा वर्षे गेली. संकटात केलेला नवस घरी पोहोचल्यावर लहान होत जातो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. पिकावर कीड असता मंडळीपुढे जी देणगी कबूल होते ती खळ्यावर धान्याची रास पडली म्हणजे अर्धी होते. सामाजीचा नवस बारा वर्षांत लहान झाला नाही.

ते घर मांडवी भागात, आता ज्याला मशीद बंदर म्हणतात तेथे, त्याच्याच नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या सॅम्युएल स्ट्रीटमध्ये बांधण्यात आले. बेने इस्राएल लोकांचे ते पहिले सभास्थान. तोपर्यंत कोकणात शेकडो वर्षे त्यांची सर्व उपासना घरच्या ओटीवर व चुलीपाशीच चालत होती. इमारतीचा १८६० साली जीर्णोद्धार झाला, आणि शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचे द्वार, ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्यांच्या बोलीत तिला मशीदच म्हणत, कारण भजनाच्या घराला दुसरा शब्द त्यांना माहीत नव्हता. यहूदी सभास्थानात मूर्ती नसते व चित्र नसते. यरुशलेमाच्या बाजूच्या भिंतीशी, आपल्या देशात म्हणजे पश्चिमेस, एक पवित्र कपाट असते, त्याला पडदा असतो, व त्या कपाटात नियमशास्त्राची गुंडाळी ठेवितात. मधोमध उंच चौथरा असतो, तेथून ती गुंडाळी उघडून वाचितात. सगळी इमारत जणू त्या कपाटाकरिता असते.

सामाजीची अडचण येथेच होती. घर झाले, पण घरात ठेवावयाचे शास्त्र हवे होते.

येथे थोडे समजावून सांगणे अवश्य आहे. आपणांस पवित्र शास्त्र हवे असले तर शास्त्र संस्थेच्या दुकानातून अल्प किमतीत छापील पुस्तक मिळते, म्हणून ह्या अडचणीचे वजन आपल्या लक्षात येत नाही. सभास्थानात वाचावयाची गुंडाळी छापलेली चालत नाही. मोशेची पाचही पुस्तके शुद्ध पशूच्या कमावलेल्या चामड्यावर हातानेच लिहावी लागतात. लिहिणारा त्या विद्येत शिकलेला व परमेश्वराचे भय बाळगणारा असावा लागतो. तीन लाखांहून अधिक अक्षरे, आणि त्यांतील एकही बिघडले तर ते सुधारीपर्यंत ती गुंडाळी सभेत वाचण्याच्या कामाची नसते. चामड्याचे तुकडे शिवून लांब पट्टा करितात व तो दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळितात. एक गुंडाळी लिहावयास सुमारे वर्ष लागते. तिचे चोपन्न भाग पाडलेले असून दर शब्बाथी क्रमाने वाचीत गेल्याने वर्षभरात सगळे नियमशास्त्र सभेच्या कानावर पडते, आणि ज्या दिवशी शेवट होतो त्याच दिवशी पुन्हा उत्पत्तीपासून आरंभ करितात. तेव्हा गुंडाळी नसलेले सभास्थान म्हणजे विहीर खणली पण पाणी लागले नाही, असा प्रकार.

असे शास्त्र लिहिणारा मुंबईत किंवा कोकणात कोण होता? कोणी नाही. ते मिळण्याचे ठिकाण कोचीन. तेथे मलबार किनाऱ्यावर यहूदी फार पुरातन काळापासून राहत होते, त्यांच्याजवळ गुंडाळ्या होत्या, विद्वान होते, आणि मट्टांचेरीचे परदेशी सभास्थान तर १५६८ सालचे, ते अद्याप उभे आहे. कोचीन वलंदेजांकडून इंग्रजांच्या हाती १७९५ साली आले होते, म्हणून मुंबईच्या माणसाला तेथे जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले असेल. तरी किनाऱ्याने तीनशे कोसांहून अधिक वाट.

सामाजी तेव्हा तरुण राहिला नव्हता. त्याने युद्ध पाहिले होते, कैद भोगली होती, नवस फेडला होता. घरी बसून आपल्या बांधलेल्या सभास्थानात पहिल्या बाकावर मान घेण्याचा त्याला हक्क होता. तो कोचीनास गेला. शास्त्राच्या गुंडाळ्या मिळवून परत यावे हा त्याचा हेतू होता. १७९७ साली, सभास्थान बांधून पुरे एक वर्षही झाले असेल-नसेल, तो तेथेच मरण पावला. ज्या कपाटाकरिता त्याने घर बांधले त्या कपाटात गुंडाळी ठेविलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. नबो डोंगरावर उभे राहून देश पाहिलेल्या मोशेला निदान तो देश दुरून तरी दिसला.

परंतु घर उभे होते, आणि रिकामे घर आपल्याला हवे ते मागून घेते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून शिक्षक आले. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यांतील पुढारी. त्यांनी प्रार्थना शिकविल्या, वाचन शिकविले, सणांची शास्त्रोक्त नावे व रीती सांगितल्या. मुंबईमागून रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथे सभास्थाने झाली. दारफळणीच्या सणाला योम किप्पूर हे नाव परत मिळाले. झाकून ठेवावयाच्या भांड्यामागची आज्ञा निर्गमाच्या पुस्तकात सापडली. योशीया राजाच्या काळी मंदिराची दुरुस्ती चालू असता शास्त्राचे पुस्तक हाती लागले, त्या प्रसंगाची येथे आठवण होते. मात्र योशीयाच्या लोकांनी पुस्तक हरवून आज्ञाही मोडल्या होत्या, आणि ह्या तेल्यांनी पुस्तक हरवूनही काही आज्ञा मोडल्या नव्हत्या.

ह्या कामात आपल्या मिशनचाही हात लागला, आणि तो भाग प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. अमेरिकन मिशनने मुंबईत व कोकणात शाळा घातल्या, त्यांत बेने इस्राएल मुले शिकली, आणि त्यांच्यातील शिकलेल्या पुरुषांना शिक्षक म्हणून नेमले. स्कॉटलंडहून १८२९ साली आलेल्या डॉ. जॉन विल्सन ह्यांनी ह्या लोकांस इब्री शिकता यावी म्हणून मराठीत इब्री व्याकरण रचिले, ते १८३२ साली छापले. मराठी भाषांतरामुळे जुना करार बेने इस्राएलांस प्रथमच आपल्या भाषेत वाचावयास मिळाला. मिशनऱ्यांची आशा अशी होती की, जुना करार वाचून हे लोक नव्याकडे येतील. थोडे आले. बहुतेक आले नाहीत. जुना करार वाचून ते आपल्या पूर्वजांच्या धर्मात अधिक पक्के झाले. कित्येक जुन्या अहवालांत ह्याबद्दल निराशेचा सूर आढळतो. आम्हास तो सूर पटत नाही. पौलाने रोमकरांस लिहिताना, आपण रानटी जैतुनाच्या फांद्या असून कलम करून लाविलेल्या आहो, मुळाने आपल्याला उचलले आहे, आपण मुळाला नव्हे, हे बजावून ठेविले आहे. ज्याचे घर त्याला त्याच्याच घराची किल्ली नेऊन दिली, ह्यात तोटा कोणता?

मिशनच्या शाळेत शिकलेल्यांपैकीच एक योसेफ यहेज्केल राजपुरकर. राहाबीने ज्या तीन घराण्यांस शिकविले त्यांतील एकाचे आडनाव त्यांचे. १८३४ साली जन्मलेले हे गृहस्थ मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे सुमारे चाळीस वर्षे मुख्य शिक्षक होते, विद्यापीठात इब्रीचे परीक्षक झाले, आणि इब्री प्रार्थनापुस्तकांची त्यांनी मराठीत भाषांतरे केली. १९०५ साली ते वारले. वल्हांडणाच्या रात्री घरी वाचावयाचे पुस्तक तर इब्री मुळासह मराठीत पुण्यासच १८७४ साली छापले गेले. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. हाईम सॅम्युएल केहीमकर ह्यांनी आपल्या लोकांचा विस्तृत इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीव शहरी. सामाजीची गोष्ट लेखी राहिली ती बरीचशी त्यांच्या श्रमामुळे.

यवतहून गाडीत बसून दौंडकडे निघाले की खुटबाव मागे टाकताच केडगाव येते. तेथे पंडिता रमाबाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषा शिकून सगळ्या पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर केले, आणि १९२२ साली ते काम हातावेगळे करून त्यांनी देह ठेविला. रमाबाईंच्या पूर्वजांचा इब्री भाषेशी काही संबंध नव्हता; राजपुरकरांना ती वडिलार्जित होती पण हरवलेली होती. दोघांनाही ती अक्षरापासून शिकावी लागली, आणि दोघांनीही ती मराठीतच आणून सोडली. आमच्या मंडळ्यांतील जे तरुण दुसरी भाषा आली की मराठीची लाज बाळगितात, त्यांनी ह्या दोन नावांकडे पाहावे.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएलांची बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तेथेही त्यांना, तुम्ही खरे यहूदी कशावरून, असे विचारण्यात आले. लग्नाच्या बाबतीत धर्माधिकाऱ्यांनी शंका काढल्या, तेव्हा त्यांनी चळवळ केली, आणि १९६४ साली तेथील विधिमंडळाने ते सर्व बाबतींत यहूदी आहेत असे जाहीर केले. सामाजीला जो प्रश्न शत्रूने विचारला तोच त्याच्या वंशजांना भावांनी विचारला, आणि उत्तर तेच होते. तिकडे घरोघरी अजून मराठी बोलणारी वडीलधारी माणसे आहेत. शास्त्रोक्त सगळे शिकूनही मलिदा त्यांनी टाकिला नाही. नवस फिटला, लग्न ठरले, मूल झाले, की पोहे भिजतात, खोबरे किसले जाते व एलीया संदेष्ट्याचे नाव निघते.

मुंबईत आता थोडी कुटुंबे राहिली आहेत, परंतु सॅम्युएल स्ट्रीटमधील सभास्थान उभे आहे. आपल्याकडील माणसे पुण्यावरून गाडीने मुंबईस जातात तेव्हा अखेरच्या स्थानकाच्या अगदी अलीकडे मशीद नावाचे स्थानक लागते. जवळपास मुसलमान वस्ती पुष्कळ असल्यामुळे ते नाव त्यांच्या मशिदीवरून पडले असावे असे उतारूंना वाटते. मुंबईचे जाणते लोक सांगतात की, ते सामाजी हसाजीने बांधिलेल्या मशिदीवरून पडले.